पोपटीकडे सरकलेला हिरवा

रत्नागिरीचा पाऊस जाताना सांगून जात नाही. दसरा होतो न होतो तोच एका सकाळी घराचं दार, जे चार महिने फुगून चौकटीत अडकत होतं, बोटानं ढकललं तरी बंद होतं. बरणीतलं मीठ सुटं होतं. खाली खलाटीच्या शेतात भात कापून ठेवलेलं असतं आणि त्याच्या पेंढ्याचा गोडसर वास वर कातळाच्या सड्यापर्यंत येतो. सड्यावरचं गवत तर बघता बघता रंग बदलतं. आधी टोकं पिवळी होतात, मग मधला भाग, आणि शेवटी सगळा कातळ वाळक्या सोनेरी केसांचा होऊन जातो.

लोकांना हे दिवस आवडतात. सकाळचं जमिनीकडून येणारं कोरडं मतलई वारं अंगाला बरं वाटतं. दुपारी वारं फिरतं, समुद्रावरून यायला लागतं, आणि मानेवर पुन्हा तोच चिकटा जमतो. एकाच दिवसात दोन हवा. इथे जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. मलाही शिकवलेलं नव्हतं, मला ते ठाऊकच होतं. आणि जे ठाऊक होतं ते ज्या एका हंगामात आठवायला हवं होतं, त्या हंगामात मी ते विसरलो. म्हणून गवताची टोकं पिवळी व्हायला लागली की मी सड्याच्या रस्त्यानं फिरायला जायचं बंद करतो. बायको म्हणते, "सगळं गाव आता फिरायला निघतंय आणि तुमचं काहीतरी उलटंच."

मी इथल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आंब्याला हंगाम असतो, मासळीला असतो, तसा आमच्या प्रयोगशाळेलाही एक हंगाम होता. आम्ही त्याला प्लेटांचा हंगाम म्हणायचो. काचेच्या चौकोनी तुकड्यावर आधी एका ऑक्साइडचा पातळ थर द्यायचा, तो भाजून पक्का करायचा, आणि त्यावर मधासारखा दिसणारा, उजेड लागला की बदलणारा फोटोरेझिस्ट फिरकीवर गरगर फिरवून पसरायचा. पावसाळ्यात हा मध काचेला धरत नाही. धुताना पापुद्रा सुटून येतो, उन्हात सोललेल्या पाठीसारखा. म्हणून दसऱ्यानंतर कामाला लागायचं आणि शिमग्यापर्यंत जेवढ्या प्लेटा होतील तेवढ्या करायच्या.

काम सांगायला सोपं आहे. एका लेसरचे दोन झोत करायचे आणि ते प्लेटवर पुन्हा एकमेकांवर पाडायचे. जिथे ते भेटतात तिथे उजेड-अंधाराच्या रेघा उमटतात, इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत शे-दोनशे मावतील. प्लेट धुतली की त्याच रेघा तिच्यावर कोरलेल्या राहतात. हे ग्रेटिंग. रेघांमधलं अंतर आणि थराची जाडी नेमकी साधली तर ती प्लेट पांढऱ्या उजेडातला एकच रंग निवडून परत पाठवते, आणि तोही एकाच दिशेनं थरथरणारा. पुस्तकात याला ध्रुवीभवन म्हणतात. आम्ही पोलरायझेशनच म्हणायचो.

आमचा प्रयोगशाळा परिचर तुकाराम यानं एकदा विचारलंच होतं, हे थरथरणं म्हणजे काय प्रकरण आहे. माझी विद्यार्थिनी शमीम हिनं त्याला समजावलं. "जेटीला बांधलेली होडीची दोरी असते ना, ती वरखाली हलव. मग आडवी हलव. उजेडपण असाच हलत येतो. आता मधे काठ्यांची वई घातलीस तर काय होईल?"

"अडकंल."

"एक अडकेल, एक जाईल. आमची वई आणखी चोखंदळ आहे. उभी हलणारी, आणि त्यातली हिरवी तेवढीच परत पाठवते. बाकी सगळ्यांना वाट मोकळी."

तुकारामानं विचार केला. "म्हणजे माझ्या बायकोसारखी. माझेच दोस्त तेवढे दारातून परत, बाकी सगळ्यांना च्या."

शमीम अशी हसली की फिरकीवरची प्लेट तिला बंद करावी लागली.

शमीम माझ्याकडे पीएच.डी. करत होती. घर राजिवड्याच्या बाजूला, वडील आयुष्यभर बोटीवर, नवरा मस्कतला नोकरीला. लहान मुलगी होती, तिला आईकडे सोडून ती सकाळी यायची. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की बंद. त्या वर्षी विभागात एक कायमची जागा निघणार होती. मीच तिला सांगितलं होतं, "दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलाखती आहेत. त्याआधी प्रबंध विद्यापीठात गेला पाहिजे. गेला तर जागा तुझीच आहे." नवरा तिकडे ये म्हणून मागे लागला होता. जागा मिळाली तर तोच इकडे परत येईल, असं त्यांचं ठरलं होतं. एका प्रबंधावर एक घर कुठे राहणार हे ठरायचं होतं, आणि प्रबंधावर सही माझी लागणार होती.

त्या खोलीची आठवण आली की अजून घाम येतो. फोटोरेझिस्टला निळा उजेड चालत नाही, म्हणून सगळे दिवे पिवळे. त्यात आम्ही तिघंही कावीळ झाल्यासारखे दिसायचो. झोत सोडताना पंखा बंद, एसी बंद, कारण हवा हलली तरी रेघा पुसतात. बाहेर तुकाराम कॉरिडॉरमध्ये उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला थोपवायचा. पाय जोरात टाकला तर प्लेट गेली. आत ॲसिटोनचा उग्र वास, भिजलेला शर्ट, आणि हलायचं नाही.

"ओ सर," दाराच्या फटीतून तुकाराम हळूच विचारायचा, "श्वास घेऊ का तोपण परवानगीनं?"

"घे," शमीम ओठ न हलवता म्हणायची, "फक्त सोडू नको."

प्लेट बाहेर आली की ती खिडकीशी जायची. डोळ्यासमोर एकाच दिशेची थरथर सोडणारा पोलरायझर धरायची आणि प्लेट हळूहळू फिरवायची. एका बाजूनं धरली की नुसती काच. पाव फेरा दिला की त्या काचेतून रंग उगवायचा. मी ते अनेकदा पाहिलं आहे, तरी सांगतो, त्याला सरावता येत नाही. कोणताही रंग फासलेला नाही, शाई नाही, चुना नाही, नुसत्या रेघा, आणि त्यातून हा झळझळीत तुकडा. तिची प्रत्येक प्लेट असा रंग द्यायची. एकही वाया गेली नाही.

फक्त तो रंग माझा नव्हता. माझ्या आकडेमोडीत आंब्याच्या जून पानाचा हिरवा यायला हवा होता. येत होता केळीच्या कोवळ्या पानाचा पोपटी.

पहिल्यांदा मी म्हटलं, होतं असं, पुन्हा कर. पुन्हा तोच रंग. थर जाड झाला असेल, झोतांचा कोन हलला असेल, भाजताना तापमान चढलं असेल. तिनं सगळं तपासलं. मग तिनं स्वतःलाच तपासायला घेतलं. बांगड्या काढून ठेवल्या. नखं कापली. चहानं हात थरथरतो असं कुठंसं वाचून चहा सोडला, आणि तुकाराम तिच्या वाटचा कपही पिऊन "विज्ञानासाठी काय वाट्टेल ते" म्हणायला लागला. एके दिवशी ती हसतच आली. "सर, अम्मीनं दुवा पढून हातावर फुंकर घातलीय. आज येणार हिरवा."

मी म्हटलं, "आधी हात धुऊन ये."

ती गेली आणि धुऊन आली. त्या वेळी मला वाटलं, मी विज्ञानाची बाजू घेतली.

एका दुपारी प्लेट परत पोपटी आल्यावर तिनं ती ट्रेमध्ये ठेवली आणि विचारलं, "सर, माझा हात चुकतोय का?"

मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "हातच चुकतोय."

दोन शब्द. मास्तर दिवसभरात असे शेकडो शब्द बोलतो आणि संध्याकाळी विसरतो. तेही विसरले गेले असते, जर खरे असते तर.

तिनं एकदा सांगितलं होतं, "सर, सकाळी आल्या आल्या बघते ना, तेव्हा कालचीच प्लेट बरी दिसते. जरा जास्त हिरवी." मी म्हटलं, डोळ्यावर विश्वास ठेवायचा नसतो, यंत्रावर लाव. पण रंग मोजायचं यंत्र रसायनशास्त्राच्या ताब्यात असायचं. सकाळी त्यांची प्रात्यक्षिकं. आमची पाळी जेवणानंतर. म्हणजे आम्ही प्रत्येक प्लेट मोजली ती दुपारी, समुद्राचं वारं आत आल्यावर. सकाळच्या कोरड्या हवेत एकदाही नाही. रोज, न चुकता, चुकीच्या वेळी, अत्यंत काळजीपूर्वक.

दिवाळी जवळ आली. ती प्रबंधाचा गठ्ठा घेऊन आली. शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं.

"सर, पोपटीच लिहूया का? जे आलं ते. उभ्याला अडवतेय, आडव्याला सोडतेय, फिल्टर तर झालाच आहे ना."

"डिझाइन एक आणि प्लेट दुसरीच? परीक्षक हसतील."

"हसू देत. नाव माझं आहे."

"सही माझी आहे," मी म्हणालो.

तिनं गठ्ठा उचलला. मग म्हणाली, "अजून थोड्या करून बघते." आणि पंखा बंद करून आत गेली. सुट्टीत महाविद्यालय रिकामं होतं, त्यामुळे कॉरिडॉरमध्ये कुणाला थोपवायची गरज नव्हती. तरी तुकाराम येऊन उभा राहायचा. बाहेर पोरं किल्ले करत होती, फटाक्यांच्या लडी वाजत होत्या, आणि प्रत्येक धडाक्याला ती आत दचकून नव्यानं सुरुवात करायची. प्लेटा येत राहिल्या, आणि यंत्र मोकळं असूनही मोजायची वेळ सवयीनं दुपारचीच राहिली. पोपटी, पोपटी, पोपटी. प्रबंध द्यायची तारीख गेली. मुलाखती झाल्या. जागा घाटावरून आलेल्या एका उमेदवाराला मिळाली. चांगला मुलगा आहे, आज माझ्या शेजारच्या केबिनमध्ये बसतो, त्याचा यात काही दोष नाही.

मस्कतला जाण्याआधी ती भेटायला आली. मला वाटलं होतं, रागावेल. रागावली असती तर मी आज कदाचित बरा माणूस असतो. ती म्हणाली, "माफ करा सर, तुमचा किती वेळ खाल्ला. हातच नाय माझा." मी म्हणालो, "होतं असं." याहून हलकं वाक्य त्या वेळी मला सापडलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जायचं होतं. फसलेलं काम कसं दिसतं हे दाखवायला म्हणून तिच्या प्लेटांचा डबा बरोबर घेतला. रत्नागिरीत घाम निथळत होता. गाडी आंबा घाट चढली आणि हवा बदलली, ओठ कोरडे पडले. पुण्यात उन्हाळा असा की जिभेवरचं पाणी सुकावं. मी तिची एक प्लेट तिथल्या यंत्राला लावली. रंग नेमका माझ्या आकड्यावर आला. आंब्याचं जून पान.

मला वाटलं, यंत्र बिघडलं. दुसरी प्लेट लावली. तिसरी. सगळ्या हिरव्या. मी प्लेट हातात घेतली, खिडकीशी नेली, आणि काय सुचलं कोण जाणे, चष्म्याच्या काचेवर घालतो तशी तिच्यावर फुंकर घातली. हिरवा रंग माझ्या डोळ्यांदेखत पोपटीकडे सरकला. थोडा वेळ तसाच राहिला. मग ओल उडाली आणि हळूहळू परत हिरवा झाला.

त्यापुढे समजायला काही उरलं नव्हतं. आमचा ऑक्साइडचा थर डोळ्याला काच वाटला तरी आतून जांभ्या दगडासारखा भोकाभोकांचा होता. तो हवेतलं पाणी पीत होता आणि पाणी प्याला की रंग सरकत होता. मी डिझाइनसाठी त्या थराचे गुण मोजून आणले होते ते पुण्यातून, अशाच एका कोरड्या मे महिन्यात. आकडे घाटावरचे आणि प्लेटा समुद्राकाठच्या. जिचं बालपण बोटीवरच्या माणसांत गेलं तिच्या हाताला मी चूक म्हटलं, आणि ज्या हवेत माझी दारं फुगतात, मीठ ओलं होतं, तिचा हिशेब मी धरलाच नाही. परगावचा माणूस असता तर त्यानं निदान विचारलं असतं, इथे एवढं दमट असतं का. मी इथला. मला सवय होती.

यावर मी एका परिषदेत शोधनिबंध वाचला. शमीमचंही नाव घातलं. "आर्द्रतेमुळे रंगात बदल होत असल्याचे आढळून आले," असं त्यात लिहिलं. शास्त्राच्या भाषेत ही मोठी सोय आहे. आढळून येतं. कुणी कुणाला काही म्हटलेलं नसतं, कुणाचे हात धुतले गेलेले नसतात. लोकांना निबंध आवडला. दमटपणा ओळखणारी काच म्हणून कौतुक झालं. पुढे मी विभागप्रमुख झालो तेव्हा त्याचाही उल्लेख झाला. मी शमीमला कळवलं नाही. सुरुवातीला वाटलं, कसं सांगू. नंतर वाटलं, आता काय सांगू. या दोन वाटण्यांमध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली. विद्यार्थ्यांमध्ये माझी ख्याती आहे की सर सहीच्या बाबतीत फार कडक. पालक कौतुकानं सांगतात. मी ऐकून घेतो.

यंदा दसऱ्यानंतर ती आली. भावाच्या लग्नासाठी महिनाभर रत्नागिरीत होती. केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, ओळख आहे की आठवण द्यायला लागेल?" जरा जाड झाली आहे, चष्मा लागला आहे. हातात खजुराचा मोठा डबा. तुकाराम पुढच्या वर्षी निवृत्त होणार, तो धावत आला.

"मॅडम, पंखा पूर्ण पाचवर लावतो. तेव्हाचा घाम अजून वाळला नसंल."

"तू माझा चहा पिऊन जाड झालास रे."

"मग? विज्ञानासाठी."

तो चहा आणायला गेला. ती सांगत होती. मस्कतला एका मॉलमध्ये चष्म्याच्या दुकानात आहे. उन्हाच्या चष्म्यांत पोलरायझेशनच्या काचा असतात, गिऱ्हाईक विचारतं हे खरे कशावरून. मग ती दोन चष्मे एकावर एक धरते आणि एक फिरवते. सगळं काळं होतं. गिऱ्हाईक खूष. "बघा सर, अजून पोलरायझेशनच करतेय. फक्त आता फसत नाय." आणि हसली. मुलगी सारा बारावी कॉमर्सला आहे, हिशेबात पक्की आहे.

तुकाराम चहा ठेवून गेला. मी दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. पुणे, मे महिना, फुंकर, निबंध. मी म्हणालो, "तुझा हात कधीच चुकला नव्हता, शमीम. माझा आकडा चुकला होता."

मी काय अपेक्षा केली होती, ते कबूल केलं पाहिजे. वाटलं होतं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळेल. निदान एक ओझं उतरेल तिचं, आणि त्या आडून माझंही.

तिनं कप खाली ठेवला. "कधी कळलं तुम्हाला?"

"तू गेलीस त्याच्या पुढच्याच मे महिन्यात."

"आणि आज सांगताय."

ती स्वतःच्या हातांकडे बघत होती, दोन्ही तळवे वर करून, जणू ते दुसऱ्या कुणाचे तिच्या मांडीवर ठेवले होते.

"सारा आठवीत होती तेव्हा," ती म्हणाली, "घरभर वायरी, सेल, बल्ब. पंखा उघडून बसायची. तिला सायन्सला जायचं होतं. रडली होती खूप. मी म्हटलं, नको बाई, आपल्याकडं हात नाय. माझा नव्हता, तुझाही नसायचा. उगाच वर्षं फुकट जातात." तिनं तळवे मिटून घेतले. "मी तिला स्वतः समजावलं, सर. तिचे बाबा तर तयार होते."

मी काहीतरी बोललो असेन. अजून वेळ गेलेली नाही, असं काहीतरी. तिनं ते ऐकलं नाही.

"मी सुखात होते हो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हात नव्हता, संपलं. त्यात कुणाचा गुन्हा नव्हता. आता रोज दुकानात उभी राहून हेच डोक्यात चालणार. तुम्हाला सांगायचंच होतं तर तेव्हा सांगायचं. नायतर मेल्यावर पण सांगायचं नव्हतं."

ती उठली. पर्स घेतली. दाराशी वळली. "आता हे दुसऱ्या कुणाला सांगू नका. साराच्या कानावर गेलं तर ती मला विचारेल. तुम्हाला नाय विचारणार, मला विचारेल."

मी मान हलवली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तुकारामानं तिला काहीतरी टोमणा मारला आणि ती नेहमीसारखी हसली. पायऱ्या उतरताना तिचा आवाज येत होता, लग्नाला बायकोला घेऊन ये, बिर्याणी तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवते. मी टेबलावरचा खजुराचा डबा कपाटात ठेवला. पंखा बंद केला, आणि पुन्हा लावला.

कुणाला सांगू नका, एवढं एकच तिनं माझ्याकडे कधी मागितलं, आणि तेही मला देता आलेलं नाही. इथे तिचं नाव तेवढं बदललं आहे.